दोन-दोन मिनिटांची सहा गाणी

माझा आवाज पहिल्यापासून जाड. शेजारच्यांकडे आमच्यासाठी फोन आला आणि मी 'हॅलो' म्हटलं, की पलीकडचा माणूस "नमस्कार सर" म्हणून बाबांशी बोलावं तसा माझ्याशी बोलायला लागायचा. बाबा पेणच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे, त्यामुळे गावातले निम्मे लोक त्यांना सर म्हणत. मी मधेच थांबवून सांगायचे, की मी सर नाही, त्यांची मुलगी.

आमच्या आळीत एक बाई गाणं शिकवत. त्यांच्याकडे मी पाच वर्षं पेटीसमोर बसले. शेवटी बाईंनी आईला बोलावून सांगितलं, की मुलीला सुराची जाण आहे, तालही पक्का आहे, पण गाण्याचा गळा काही हा नव्हे. त्या रागाने बोलल्या नाहीत. उलट चहा देऊन, पाठीवरून हात फिरवून बोलल्या, आणि त्याचंच मला जास्त लागलं. त्यानंतर मी गाणं सोडलं, केमिस्ट्री घेऊन बीएस्सी केलं आणि रोह्याला धाटावच्या एका कंपनीत लॅबमध्ये लागले. सकाळी पेणहून गाडी, संध्याकाळी रोह्याहून गाडी. नव्वदच्या दशकाची मधली वर्षं होती ती.

त्या गाडीत आमच्या कंपनीचा एक इन्स्ट्रुमेंट फिटर असायचा. कासूला उतरायचा. त्याचा मोठा भाऊ जहाजावर होता आणि दर सुट्टीत काहीतरी वस्तू आणायचा. त्या वर्षी त्याने वॉकमन आणि पाच-सहा कॅसेट आणल्या होत्या. रोह्याला गाडी सुटायची वाट बघत आम्ही बसलो होतो. फिटर मान हलवत होता आणि बोटांनी खिडकीची पट्टी बडवत होता. काय ऐकताय, असं मी विचारलं. त्याने वॉकमनसकट हेडफोन माझ्या हातात ठेवला आणि स्वतः खिडकीबाहेर बघत बसला. डबाभर कंपनीची माणसं होती, त्यांना बोलायला निमित्त नको म्हणून.

मी ऐकलं आणि पहिल्यांदा हसले. एक माणूस इंग्रजीत बोंबलत होता. मागे गिटार खरखरत होती, ढोल कुणीतरी मागे लागल्यासारखे पळत होते, आणि नीट कळायच्या आत गाणं संपलंसुद्धा. दुसरं लागलं, तेही तसंच. तिसऱ्या गाण्याला माझं हसू थांबलं. त्या माणसाचा आवाज माझ्याहून वाईट होता. त्याला सूर सापडत नव्हता आणि सापडावा असं त्याला वाटतही नव्हतं. तरी मला ते गाणं पुन्हा ऐकायचं होतं. नागोठणं कधी गेलं ते कळलं नाही. कासूला फिटर उठला, माझ्याकडे बघितलं आणि वॉकमन न मागताच उतरून गेला.

दुसऱ्या दिवशी मी तो परत केला तेव्हा त्याने सांगितलं, की या प्रकाराला पंक म्हणतात, यात गिटारवर तीन कॉर्ड आल्या की पुरतं, आणि त्याला त्या तीन येतात. त्याच्याकडे जुनी गिटार होती. टेलिफोनच्या रिसीव्हरमधलं चुंबक काढून त्याने ती विजेवर वाजेल अशी केली होती. ढोल वाजवायलाही माणूस होता. आमच्याच प्लँटवरचा एक ऑपरेटर, धरमतर खाडीच्या काठच्या गावातला. घर मिठागरावर राबणारं, आणि हा लग्नसराईत बेंजो पार्टीत ड्रम वाजवायचा. बेंजो पार्टीचा अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन कर्णे त्याच्याच घरी असायचे. आता फक्त गाणारा हवा होता. फिटर म्हणाला, "मॅडम, तुम्ही काल गाडीत गुणगुणत होतात. सगळ्या डब्याला ऐकू गेलं."

चौथा मी आणला. माझा शाळेतला वर्गमित्र, पेणला गणपतीच्या कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करायचा. हात अतिशय स्थिर. फिटरने त्याला एका जुन्या गिटारीवर चार जाड तारा चढवून दिल्या आणि महिन्याभरात त्याने बोटं बसवली. तो बरोबर आहे म्हटल्यावर आईनेही मला रविवारचं कासूला जायला हरकत घेतली नाही.

कासूला फिटरच्या काकांची भाताची गिरणी होती. रविवारी ती बंद असायची. गाव गिरणीच्या आवाजाला इतकं सरावलेलं, की आमचा आवाज कुणाच्या लक्षातही येत नव्हता. कोंड्याची धूळ उडायची, कर्ण्यांतून गिटार अशी फाटून यायची की कॅसेटमधली तिच्यापुढे सोज्वळ वाटावी. फिटर खूश होता. त्याच्या मते परदेशात असा आवाज काढायला वेगळं यंत्र विकत घ्यावं लागतं.

मी कॅसेट ऐकून वहीत शब्द उतरवले होते. जिथे कळलं नाही तिथे जे ऐकू आलं ते देवनागरीत लिहिलं. पहिल्याच रविवारी ड्रमवाल्या दादाने मला मधेच थांबवलं. कंपनीत तो मला मॅडम म्हणायचा, गिरणीत पाऊल टाकलं की गो.

"गाऊ नको गो," तो म्हणाला. "तुला गाता येतं, त्याचाच वांधा हाय. वरड."

ओरडणं मला जमत नव्हतं. पाच वर्षं पेटीसमोर बसून जे अंगात भिनलं होतं ते आड यायचं. प्रत्येक ओळीच्या शेवटी मी सूर सांभाळायचे आणि गाणं तिथेच बसायचं.

दोन महिन्यांत पाच गाणी बसली. सगळी त्या कॅसेटवरची. फिटरला मधे वाटायला लागलं, की आपलं स्वतःचं एक तरी गाणं पाहिजे, नाहीतर आपण नक्कल करणारेच राहू. त्याने एक लिहून आणलंही होतं. आम्ही ते वाजवलं आणि चौघांनाही कळलं की ते वाईट आहे. तो हिरमुसून बसला. आमचा मूर्तिकार फारसा बोलायचा नाही, पण त्या दिवशी बोलला.

"आम्ही कारखान्यात शंभर मूर्ती एकाच साच्यातनं काढतो," तो म्हणाला. "तरी ज्याच्या घरी जाते, तो तिलाच हात जोडतो. साचा कुणाचा हे कोण विचारतो? डोळे आपण नीट काढायचे."

फिटरने स्वतःचा कागद घडी घालून खिशात ठेवला आणि तो विषय संपला. आम्ही दुसऱ्यांचीच गाणी वाजवणार, हे त्या दिवशी ठरलं.

माघी गणपतीत पेणच्या एका मंडळाने वाद्यवृंदांची स्पर्धा ठेवली. आम्ही नाव दिलं. चिठ्ठीवरचं 'पंक' निवेदकाला लागलं नाही, त्याने 'पंख ऑर्केस्ट्रा' असं जाहीर केलं, आणि आमचं नाव तेच पडलं. आमच्या आधीच्या दोन ऑर्केस्ट्रांनी सिनेमातली गाणी म्हटली होती. लोक शांत, समाधानी बसले होते. बाबा पहिल्या रांगेत होते, कारण सरांना तिथेच बसवत.

आम्ही सुरू केलं. पहिल्या गाण्याला लोक एकमेकांकडे बघायला लागले. दुसऱ्याला मागून हशा आला. मी घाबरले, आणि घाबरले की मी सूर जास्तच सांभाळते. त्या खरखराटावर माझं नीटनेटकं गाणं कसं वाटलं असेल, याची आज कल्पनाही करवत नाही. तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर मंडळाच्या माणसाने माइक बंद केला. दादा आणखी थोडा वेळ वाजवत राहिला, मग तोही थांबला. आम्ही सामान उचलत असताना एक ओळखीचे गृहस्थ बाबांपाशी वाकले आणि मुलीला बरं नाही का, असं त्यांनी काळजीने विचारलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं.

बाबा चार दिवस शाळेतून आले की पेपर उघडून त्याच्यामागे बसायचे. मला वाटलं, आता कासू बंद. पाचव्या दिवशी कामावरून आले तर टेबलावर माझी गाण्यांची वही उघडी होती आणि तिच्यात लाल शाईने खुणा केलेल्या होत्या. शाळेतल्या निबंधाच्या वहीत करतात तशा.

"हे तू ऐकून लिहिलंस?" बाबांनी विचारलं.

मी हो म्हटलं.

"निम्मं चूक आहे. ती कॅसेट आण."

शनिवारची शाळा सकाळची. दुपारी जेवण करून बाबा टेपरेकॉर्डर घेऊन बसले. एक ओळ ऐकायची, बंद करायचं, मागे न्यायचं, पुन्हा ऐकायचं. कान अगदी स्पीकरला लावलेला. आई दोनदा डोकावून गेली आणि या घरात दुपारपासून एक माणूस भांडतोय, त्याला चहा द्यायचा का, असं विचारून गेली. दिवेलागणीपर्यंत बाबांनी पाचही गाणी उतरवली, प्रत्येक ओळीखाली मराठीत अर्थ लिहिला. जिथे शिवी होती तिथे त्यांनी टिंब टिंब टाकून समासात 'अपशब्द' असं लिहिलं होतं.

मग चष्मा काढून ते म्हणाले, "हा माणूस तक्रार करतोय. त्याला काम नाही, आहे त्या कामात मान नाही, आणि त्याचं कुणी ऐकत नाही. तू त्या दिवशी पाठांतर म्हणून दाखवत होतीस. लोक हसणारच."

मी तोपर्यंत रडले नव्हते. तेव्हा रडले, आणि बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी कासूला मी सगळ्यांना अर्थ वाचून दाखवला. दादाने तो दोनदा वाचायला लावला. आमच्या प्लँटवरही कंत्राटावरची माणसं होती, वर्षानुवर्षं गोण्या भरणाऱ्या बायका होत्या, ज्यांची नावं सुपरवायझरला माहीत नसत. दादा म्हणाला, की हे तर आपल्या गेटवरचंच बोलणं आहे. मग त्याने मला विचारलं, पुढच्या रविवारी त्याच्या घरी येशील का. त्याच्या आईला हे ऐकवायचं होतं.

त्याची आई साठीच्या पुढची. काटक, काळीसावळी, सगळं आयुष्य मिठागरावर गेलेलं. लग्नात हळदीची गाणी, धवले, म्हणायला तिला चार गावांतून बोलावणं असायचं. अंगणात आम्ही एक गाणं वाजवलं, कर्णा न लावता. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि लेकाला विचारलं, की ही पोरगी भांडते आहे का. तो व्हय म्हणाला.

"मंग नीट भांड की गो," ती मला म्हणाली. "गळ्यातनं कोण भांडतं? पोटातनं भांड."

ती मला मिठागरावर घेऊन गेली. मिठाचा हंगाम सुरू झाला होता. आखलेल्या कोंड्यांतून, मिठाच्या त्या वाफ्यांतून, पाणी चकाकत होतं, बांधावर मिठाच्या राशी. तिने मला एका बांधावर उभं केलं आणि स्वतः चालत पार पलीकडच्या बांधावर गेली. इतकी लांब, की तिच्या लुगड्याचा नुसता रंग दिसत होता. तिथून तिने मला हाक मारली. वारा खाडीकडून माझ्या पाठीवर येत होता, तरी शब्दन् शब्द मला ऐकू आला. आता मी म्हणायचं होतं. मी म्हटलं. तिने हात हलवून खूण केली, की काही ऐकू येत नाही.

त्या दिवशी मी तासभर ओरडले आणि तिला काही ऐकू आलं नाही. दुसऱ्या रविवारी गाण्याचे शब्द सोडून दिले आणि मनात येईल ते बोलले. गळा कसा असावा ते मी ओरडून विचारलं. मंडळाच्या माइकबद्दल बोलले. बरं नाही का विचारणाऱ्या गृहस्थांबद्दल बोलले. मिठागरावरचे लोक काम थांबवून बघत होते. तिसऱ्या रविवारी मी पहिलं गाणं म्हटलं, बाबांनी उतरवलेलं, शब्दांचा अर्थ डोक्यात ठेवून. पलीकडच्या बांधावर तिने हात उंच केला आणि तसाच धरून ठेवला.

परत येताना तिने विचारलं, "तुमी दुसऱ्याचीच गाणी वाजवता ना?"

मी हो म्हटलं.

"मंग माझं वाजवा."

तिने आम्हाला एक धवला दिला, हळदीच्या वेळचा. दादाने त्याला तोच पळता ठेका लावला, फिटरने त्याच तीन कॉर्ड. ते आमचं सहावं गाणं.

एप्रिलमध्ये कंपनीचा वार्षिक दिवस होता. धाटावला मैदानात मांडव घातला होता. पुढे साहेब लोक आणि त्यांची कुटुंबं, मधे बाकांवर कामगार, आणि मागे, बाकं संपतात तिथे, कंत्राटाच्या बायका मुलांना घेऊन. वेशभूषा स्पर्धा आणि बक्षीस समारंभ यांच्या मधे आम्हाला पंधरा मिनिटं मिळाली होती. दुपारचे तीन वाजत होते. पहिली पाळी सुटून लोक डोक्यावरच्या हेल्मेटसकट थेट मांडवात येत होते. बाबा पेणहून गाडीने आले होते. त्यांना पुढे बसायला बोलावलं, पण ते मागे बायकांच्या शेजारी खांबाला टेकून उभे राहिले.

दादाने काठीवर काठी आपटून चार मोजले आणि आम्ही सुटलो.

पहिल्या ओळीलाच मला कळलं की आज माझा आवाज माझ्या हातात नाही, आणि हेच पाहिजे होतं. तो कर्ण्यांतून मैदानाच्या टोकाला जाऊन आदळला. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी कानावर हात ठेवले. मधले कामगार ओठ मिटून बघत होते. हसत मात्र कुणीच नव्हतं. पहिलं गाणं संपलं, टाळ्या नाहीत. आम्ही थांबलो नाही. दुसऱ्याच्या आधी मी माइकवर बाबांचा अर्थ मराठीत सांगितला: हा माणूस म्हणतो, मी राबतो आणि माझं नाव कुणाला ठाऊक नाही. एवढंच, आणि लगेच गाणं.

त्या गाण्याच्या मध्यावर कुणीतरी डोक्यावरचं हेल्मेट काढून समोरच्या बाकावर आपटलं. तालात आपटलं. मग त्याच्या शेजाऱ्याने. तिसऱ्या गाण्यापर्यंत सगळी पहिली पाळी हेल्मेटं आपटत होती आणि दादाचा ड्रम त्यात बुडून गेला होता. मी त्याच्याकडे वळून बघितलं तर तो दात काढून हसत होता आणि आणखी जोरात वाजवत होता. मूर्तिकार, ज्याचा हात कधी हलत नसे, तो पायाच्या बोटांवर उड्या मारत होता.

सहावं गाणं सुरू झालं तेव्हा पहिल्या दोन-चार क्षणांत कुणाला ते ओळखू आलं नाही. मग मागच्या बायकांतून एक आवाज उठला, मग दहा, मग सगळ्याच उभ्या राहिल्या. त्यांच्या घरच्या हळदीचं गाणं होतं ते. मी ज्या वेगाने म्हणत होते त्या वेगाने त्यांनी ते कधी म्हटलं नव्हतं, पण एकही जण मागे पडली नाही. दोन ओळींनंतर मी माइक त्यांच्याकडे धरून उभी राहिले. माझी गरजच नव्हती.

गाणं संपलं आणि मांडवातून वन्स मोअर आला. वेशभूषा स्पर्धेमुळे आधीच उशीर झाला होता, निवेदक आम्हाला हाताने आवरतं घ्यायला सांगत होता. अडचण वेगळीच होती. आमच्याकडे सहाच गाणी होती, दोन-दोन मिनिटांची, आणि ती संपली होती. फिटरने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, पुन्हा पहिल्यापासून.

आम्ही सहाही गाणी पुन्हा वाजवली. तरी लोक बसेनात, म्हणून तिसऱ्यांदा वाजवली. तिसऱ्या फेरीत इंग्रजी गाण्यांची धृपदं लोकांना पाठ झाली होती. उच्चार काहीही असतील, पण दोन-तीनशे माणसं एकाच वेळी तक्रार करत होती, आणि मी आयुष्यात एवढा आनंदी आवाज ऐकला नव्हता. मोठे साहेब सुरुवातीला घड्याळ बघत होते. शेवटी तेही खुर्चीच्या हातावर बोटं वाजवत होते. बक्षीस समारंभ पाऊण तास उशिरा झाला आणि ज्यांना बक्षिसं मिळाली त्यांच्याकडे कुणी बघितलं नाही.

संध्याकाळच्या गाडीत बाबा माझ्याशेजारी बसले होते. डब्यात पाळीची माणसं होती आणि ती अजून थांबली नव्हती. कुणी बाक बडवत होतं, कुणी डबा. नागोठण्यापर्यंत बाबा ते ऐकत बसले. मग म्हणाले, "दुसऱ्या गाण्यात एक क्रियापद तू खाल्लंस."

"तिन्ही वेळा?" मी विचारलं.

"तिन्ही वेळा," ते म्हणाले. "पण अर्थ पोचला." आणि त्यांनी माझा हात हातात घेतला. तो पेण येईपर्यंत सोडला नाही.

त्यानंतर आम्ही चार वर्षं वाजवलं. रोह्याला, नागोठण्याला, खाडीकाठच्या गावांत हळदीला, पेणला तर किती वेळा. गाणी सहाची अकरा झाली, पण एकही आमचं नव्हतं, आणि ते आम्ही अभिमानाने सांगायचो. पुढे फिटरला आखातात नोकरी लागली.

तो जायच्या आधीचा शेवटचा कार्यक्रम आमच्या मूर्तिकाराच्या लग्नात झाला, गागोदे बुद्रुकला, मुलीच्या मांडवात. अक्षता पडल्यावर नवरदेवाने मुंडावळ्या डोळ्यांवरून बाजूला सारल्या आणि गळ्यातल्या हारावरच गिटार अडकवली. भटजी सामान आवरत होते, ते थांबले. ड्रमवाल्या दादाची आई पुढे आली, माइक नको म्हणाली आणि दोन बांधांपलीकडे जाईल अशा आवाजात तिने तो हळदीचा धवला सुरू केला. मी तिच्या शेजारी उभी राहिले आणि पोटातून आवाज काढला. नवरी पहिल्यांदा लाजली, मग शालू सावरून आमच्यात येऊन उभी राहिली, आणि तिला सगळे शब्द येत होते.